तारेचे दुसरे टोक : धार जिल्ह्यातील ‘ज्ञानदूत’ योजनेचा अनुभव

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून नर्मदा वाहते. या नर्मदेच्या खोऱ्यात, कुक्षी तहसिलीत, निसरपूर हे गाव आहे. धार हे पवारांच्या जुन्या संस्थानाचे ठिकाण असल्यामुळे मराठी वाचकास ते अपरिचित नाही. तसेच हीच नर्मदा पुढे पश्चिमेस नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी व अक्कलकुवा या तालुक्यांना स्पर्श करून जाते. दोन्ही बाजूंच्या डोंगराळ भागातील जनजीवन, शेती आणि सरकारदरबारच्या अडचणी पुष्कळशा सारख्याच आहेत.

निसरपूरपासून जिल्ह्याचे ठिकाण रस्त्याने शंभराच्या आसपास किलोमीटर अंतरावर आहे. तहसिलीची कामे कुक्षीस होतात, जिल्ह्याची धारला. एखाद्या शेतमजुरास मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी जातीचा वा उत्पन्नाचा दाखला हवा असेल, तर त्या दाखल्याची खरी किंमत सरकारी शुल्काच्या पावतीवर कधीच छापलेली नसते. दिवसाची बुडालेली मजुरी, मोटारीचे भाडे, अर्ज लिहून देणाऱ्याचा मोबदला आणि साहेब दौऱ्यावर गेले असल्यास हे सर्व पुन्हा एकदा, असा तिचा हिशेब असतो. ग्रामीण भागात आलेल्या प्रत्येक नव्या यंत्राने ही खेप वाचविण्याचे आश्वासन दिले. त्यांपैकी कोणत्या यंत्राने ते पाळले आणि कोणत्या कारणाने, हे पाहण्यास धार जिल्ह्याइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

आकाशवाणीचा पूर्वानुभव

प्रश्न केवळ संगणकाचा नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, नाशिक, अहमदनगर, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला होता. गावातील मंडळींनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि आपल्या शंका केंद्राकडे लिहून पाठवाव्यात, अशी योजना होती. पुढील कार्यक्रमांत या शंकांची उत्तरे दिली जात. रेडिओ गावास नवा होता हे खरे, परंतु मंडळे टिकून राहिली ती उत्तर येते हे लोकांना कळल्यामुळे. यानंतर १९७५ च्या ऑगस्टपासून वर्षभर उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्यात आले. मध्य प्रदेश हे त्यांपैकी एक राज्य होते. कार्यक्रम उपयुक्त होते, परंतु पडद्यावरील तज्ज्ञास प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. तसे पाहिले तर श्रोतृमंडळांचे पोस्टकार्ड या बाबतीत उपग्रहापेक्षा पुढे होते.

ज्ञानदूत योजनेची रचना

१ जानेवारी २००० रोजी धार जिल्ह्यात ‘ज्ञानदूत’ योजना कार्यान्वित झाली. तीमागील कल्पना साधी होती. धार येथे जिल्हा पंचायतीत एक मुख्य संगणक ठेवावा, निवडक गावांत एकेक संगणक ठेवावा आणि दूरध्वनीच्या तारेने ही सर्व केंद्रे मुख्य संगणकास जोडावीत. गावातील केंद्रास ‘सूचनालय’ व ते चालविणाऱ्यास ‘सूचक’ असे नाव देण्यात आले. पहिल्या टप्प्यात पाच विकासखंडांत सुमारे २० सूचनालये उघडण्यात आली. त्यांच्या परिसरात ३११ पंचायती, सहाशेहून अधिक गावे आणि सुमारे पाच लाख लोकवस्ती येत होती. सूचनालयासाठी जागा निवडताना तालुक्याचे रस्ते, आठवड्याचा बाजार भरणारी गावे आणि मोटारींचे थांबे यांचा विचार करण्यात आला. लोक जेथे एरव्हीही येतात तेथे यंत्र न्यावे, यंत्रासाठी लोकांना बोलावू नये, हा त्यातील विवेक वाखाणण्याजोगा आहे.

खर्चाची बाजूही ध्यानात घेण्यासारखी होती. सुमारे २५ लाख रुपयांत सारे जाळे उभे राहिले आणि त्याचा भार मुख्यतः पंचायतींनी व स्थानिक लोकांनी उचलला. एका सूचनालयास सरासरी ७५,००० रुपये लागले. सूचक हा सरकारी नोकर नव्हता. गावातील मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या, संगणकाची आवड असलेल्या बेकार तरुणास थोडे प्रशिक्षण देऊन हे काम सोपविले जाई. लोकांकडून मिळणाऱ्या शुल्कावर त्याने आपला चरितार्थ चालवावयाचा आणि उत्पन्नाचा दहावा हिस्सा जाळ्याच्या वापरापोटी ज्ञानदूत समितीकडे भरावयाचा, अशी व्यवस्था होती. प्रत्येक गावात असा एखादा तरुण असतोच. पूर्वी तो रेडिओ उघडून पाही, नंतर पंपाची मोटार, आणि आता त्याच्या हाती मोबाईल असतो. त्याच्या हौसेस उपजीविकेची जोड देण्याचा हा यत्न होता.

संगणकाची आज्ञावली हिंदीत होती आणि पडद्यावरील यादीतून हवे ते निवडण्याची सोय होती. बाजार समित्यांतील भाव पाच रुपयांत कळत, तक्रार नोंदविण्यास दहा रुपये पडत. जमिनीच्या नोंदीचा उतारा, जातीचा, उत्पन्नाचा व रहिवासाचा दाखला यांसाठी अर्ज करता येई. जुनी ट्रॅक्टरे, गुरे वा जमीन यांच्या खरेदी-विक्रीच्या जाहिराती देता येत. तक्रारीस सात दिवसांत उत्तर मिळावे आणि दाखला तयार झाल्याची सूचना दहा दिवसांत सूचनालयात यावी, असे ठरविण्यात आले होते. दाखला घेण्यासाठी प्रत्यक्ष जावेच लागे, परंतु तीन-चार खेपांऐवजी एकच. पिण्याचे पाणी, बियाणे व खतांचा दर्जा, शिष्यवृत्तीची थकलेली रक्कम, शाळेचे कामकाज अशा बाबी तक्रारींत येत. शिक्षकांनाही या केंद्रांचा उपयोग होता, कारण त्यांच्या सेवेविषयीच्या तक्रारीही याच मार्गाने पाठविता येत.

बाजारभावाचा उपयोग कसा होई, याचे बगडी गावचे उदाहरण त्या काळी सर्वत्र सांगितले गेले. तेथील एका शेतकऱ्यास स्थानिक व्यापारी बटाट्यास क्विंटलला ३०० रुपये भाव देत होते. सूचनालयात चौकशी करता इंदूरच्या मंडीत भाव ४०० रुपये असल्याचे कळले, आणि माल इंदुरास रवाना झाला. मात्र या उदाहरणाचा अर्थ नीट लावावयास हवा. भाव कळला म्हणून लाभ झाला, तसाच वाहतुकीपुरता माल आणि वाहनाची ऐपत होती म्हणूनही झाला. ज्याच्या घरी चारच पोती बटाटा आहे आणि ज्याने पेरणीच्या वेळी त्याच व्यापाऱ्याकडून उचल घेतली आहे, त्यास इंदूरचा भाव कळून तो विशेष काय करणार?

ज्ञानदूत योजनेस २००० सालीच स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय स्पर्धेत सार्वजनिक सेवा व लोकशाही या गटाचे पारितोषिक मिळाले. देशोदेशीचे अभ्यासक धारला येऊ लागले.

तार पोचली, उत्तर पोचले नाही

पारितोषिकानंतर दोन-तीन वर्षांतच अभ्यासकांच्या अहवालांतून निराळे चित्र पुढे येऊ लागले. सूचनालयांत येणाऱ्यांची संख्या अपेक्षेपेक्षा फारच थोडी होती. जे येत त्यांत गरीब, निरक्षर आणि स्त्रिया यांचे प्रमाण अल्प होते. जिल्ह्याची निम्म्याहून अधिक वस्ती आदिवासी असताना ही गोष्ट गंभीर होती. कारणे शोधू जाता प्रथम विजेचे नाव पुढे येई. ऐन कामाच्या वेळी पुरवठा खंडित होई, दूरध्वनीची तार जुनी असल्यामुळे जोडणी मध्येच तुटे आणि पुन्हा क्रमांक फिरवावा लागे. हे दोष खरेच होते. तथापि ते दूर करण्याजोगे होते आणि पुढे पुष्कळ अंशी दूरही झाले.

खरी अडचण तारेच्या दुसऱ्या टोकास होती. सूचकाने अर्ज टंकित करून पाठविला की तो एका क्षणात धारला पोचे. तेथून पुढे मात्र तो नेहमीच्याच मार्गाने जाई. कागदावर उतरवून घेणे, संबंधित शाखेकडे पाठविणे, बाडातील नोंद शोधणे, खालून अहवाल मागविणे, स्वाक्षरीसाठी ठेवणे, हे सर्व होतेच. गावात संगणक आला, परंतु ज्या कार्यालयाने उत्तर द्यावयाचे त्याच्या कामाची पद्धत पूर्ववत राहिली. सात दिवसांची मुदत ही आज्ञा होती, कायदा नव्हता. योजनेस जीव लावणारे अधिकारी होते तोवर ती पाळली जाण्यासाठी धडपड होई. बदल्या हा सरकारी सेवेचा धर्मच असल्यामुळे पुढे ती शिथिल होणे ओघानेच आले. दहा रुपये देऊन केलेल्या तक्रारीस उत्तर आले नाही, की तो मनुष्य दुसऱ्यांदा सूचनालयाची पायरी चढत नसे, आणि त्याचे ऐकून आणखी दहा जण चढत नसत. सूचकाचे उत्पन्न या पायरीवरच अवलंबून होते. मग काही केंद्रांत संगणक शिकविण्याचे वर्ग, टंकलेखन, छायाप्रती असे उद्योग सुरू झाले. त्यांत गैर काहीच नव्हते, परंतु मूळ हेतू बाजूस पडला.

यात सूचकाचा दोष काढणे अन्यायाचे ठरेल. गावकऱ्यांच्या दृष्टीने सरकारचा चेहरा तोच होता, आणि उत्तर न देणाऱ्या कार्यालयाचा राग त्याच्यावरच निघे.

दोन तुलना

याच मध्य प्रदेशात जून २००० मध्ये आयटीसी या कंपनीने सोयाबीन उत्पादकांसाठी ‘ई-चौपाल’ हा उपक्रम सुरू केला. त्यातही गावात संगणक होता आणि तो गावातील एका शेतकऱ्याच्या घरी ठेवला जाई. दूरध्वनीची तार तेथेही कुचकामी ठरली. कंपनीने तिच्याऐवजी उपग्रहाशी थेट जोडणारी तबकडी बसविली आणि वीज नसतानाही काम चालावे यासाठी सौर विजेची जोड दिली. परंतु महत्त्वाचा फरक निराळाच होता. पडद्यावर दिसणारा भाव हा केवळ माहितीचा भाव नव्हता. त्या भावाने माल घेणारा खरेदीदार, त्याचा वजनकाटा आणि पैसे देण्याची व्यवस्था तारेच्या पलीकडे सज्ज होती. अर्थात कंपनी तिला हवे तेच पीक विकत घेणार. वृद्धाच्या निवृत्तिवेतनाची वा बंद पडलेल्या हातपंपाची तक्रार तिच्याकडे कोण करणार? ते काम शासनाचेच.

दुसरे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातील आहे. १९९८ साली वारणानगर परिसरातील ७० गावे संगणकाने जोडण्याची योजना केंद्र शासन, राज्य शासन व वारणा सहकारी समूह यांनी मिळून हाती घेतली. शेतीची माहिती, बाजारभाव, शिक्षण, आरोग्य असे तिचे विविध उद्देश होते. काही वर्षांनी पाहणी केली असता शेतकरी गावातील संगणकाकडे मुख्यतः काही ठरावीक गोष्टींसाठीच येतात असे दिसून आले. आपल्या उसाचे वजन किती भरले, तोडीचा परवाना निघाला काय, खात्यावर किती रक्कम जमा, एवढेच त्यांना हवे होते. ही माहिती दोन ओळींत मावते. तेव्हा २००६-०७ च्या सुमारास सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलवरील लघुसंदेशाने ती देण्याचा प्रयोग झाला आणि तो शेतकऱ्यांस मानवला. महागडे यंत्र जाऊन स्वस्त यंत्र आले तरी काम अडले नाही, कारण कारखान्याच्या दप्तरात प्रत्येक गाडीचे वजन रोजच्या रोज नोंदले जात होते. विचारणाऱ्यास देण्याजोगे उत्तर तेथे तयार होते.

मुदतीस कायद्याचे बळ

ज्ञानदूत योजनेत ज्या गोष्टीची उणीव भासली, ती पुढे कायद्याने भरून काढण्याचा प्रयत्न झाला. मध्य प्रदेशाने २०१० साली लोकसेवांच्या हमीचा कायदा केला. देशातील अशा प्रकारचा तो पहिला कायदा होय. दाखला, उतारा, जोडणी अशा अधिसूचित सेवांसाठी मुदत आणि जबाबदार अधिकारी ठरवून देण्यात आला. सबळ कारणाविना विलंब केल्यास दिवसाला २५० रुपये, कमाल ५,००० रुपये, इतका दंड बसू शकतो आणि ती रक्कम अर्जदारास भरपाई म्हणून देता येते. महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा याच धर्तीचा आहे. मुदतीत सेवा न मिळाल्यास किंवा अर्ज फेटाळला गेल्यास प्रथम अपील, त्यानंतर द्वितीय अपील आणि शेवटी आयोगाकडे दाद, असे मार्ग त्यात आहेत.

या कायद्यांचा उपयोग एका लहानशा कागदावर अवलंबून असतो. तो कागद म्हणजे अर्जाची पोच. सेवा केंद्रात वा मोबाईलवरून अर्ज केला की त्यास क्रमांक मिळतो आणि मुदतीची गणना त्या क्रमांकाच्या दिनांकापासून होते. पुष्कळ गावकरी केंद्रचालकाच्या भरवशावर पोच न घेताच परततात. केंद्रचालकही कधीकधी स्वतःचाच मोबाईल क्रमांक अर्जात भरतो, त्यामुळे अर्जावर काय निर्णय झाला याची सूचना अर्जदारास कळतच नाही. शाळेतील शिक्षकांनी मुलांकडून घरच्या कागदपत्रांवरील क्रमांक व दिनांक वाचून घेतले, तरी अनेक कुटुंबांची ही अडचण टळेल.

निसरपूरचे कागद

२०१९ च्या पावसाळ्यात सरदार सरोवर प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले, आणि त्याच्या फुगवट्याखाली निसरपूरचे जुने गाव गेले. लोक पुनर्वसन वसाहतीत राहावयास गेले. महाराष्ट्रातील ३३ गावांनाही याच जलाशयाची झळ पोचली आहे, त्यामुळे हा प्रसंग नंदुरबारकडील वाचकांस समजावून सांगावयास नको.

गाव पाण्याखाली जाते तेव्हा शेताचा बांध, हद्दीचा दगड, घराची भिंत, शेजाऱ्याची साक्ष या साऱ्या खुणा एकाच वेळी नाहीशा होतात. मागे राहते ती फक्त दप्तरातील नोंद. जमीन किती होती, घर कोणाच्या नावे होते, मुलगा त्या वेळी सज्ञान होता काय, यावर पुनर्वसनाचे हक्क ठरतात. नर्मदा जलविवाद लवादाच्या १९७९ च्या निवाड्यानुसार चतुर्थांशाहून अधिक जमीन गेलेल्या कुटुंबास किमान दोन हेक्टर जमीन मिळावयाची होती. कुटुंब या व्याख्येत बसते की नाही, याचे उत्तर एका ओळीच्या नोंदीत असते. मध्य प्रदेशातील विस्थापितांच्या बाबतीत तर बनावट खरेदीखतांचे प्रकरण घडले आणि त्याची न्यायिक आयोगामार्फत चौकशी झाली. जमीन कागदावर खरेदी झाली, प्रत्यक्षात शेतकऱ्याच्या हाती काहीच आले नाही. सर्वोच्च न्यायालयाने ८ फेब्रुवारी २०१७ रोजी दिलेल्या आदेशात जमीन न मिळालेल्या पात्र कुटुंबांसाठी ६० लाख रुपयांची आणि अशा व्यवहारांत फसलेल्यांसाठी १५ लाख रुपयांची तरतूद केली.

संगणकाच्या चाहत्यांनी या प्रकरणाकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. खोट्या खरेदीखताची नोंद संगणकात गेली, तर तीही खऱ्या नोंदीइतक्याच वेगाने आणि तितक्याच सुबक अक्षरांत छापून निघते. पाहणाऱ्यास ती अधिक विश्वसनीयही वाटते. नोंद करण्यापूर्वी शेतावर जाऊन पाहणे, कब्जेदारास विचारणे आणि त्याच्यासमोर वाचून दाखविणे, ही कामे कोणत्याही आज्ञावलीने आपल्या अंगावर घेतलेली नाहीत.

हातातील यंत्र

आज सूचनालयाची गरज उरलेली नाही असे पुष्कळांना वाटते, कारण ते सारे मोबाईलमध्ये सामावले आहे. सातपुड्याच्या अलीकडे, शहादा तालुक्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिल्या आधार क्रमांकांचे वाटप झाले. त्यानंतर अंगठा हीच ओळख झाली. मात्र दगडमातीच्या कामाने बोटांवरील रेषा झिजलेल्या मजुराचा अंगठा यंत्र कित्येकदा ओळखत नाही. अशा वेळी दुकानदाराने वा कर्मचाऱ्याने डोळ्याच्या बुबुळाची वा मोबाईलवरील संकेतांकाची पर्यायी सोय वापरावयाची असते. ती न वापरता मनुष्यास परत पाठविणे ही यंत्राची चूक नव्हे. २०२५ मध्ये केंद्रीय आदिवासी मंत्रालयाने ‘आदि वाणी’ ही भाषांतराची आज्ञावली प्रायोगिक स्वरूपात सुरू केली असून तिच्यात भिली भाषेचा समावेश आहे. नर्मदेच्या दोन्ही तीरांवरील आदिवासी वस्तीत, विशेषतः शाळांत, तिची परीक्षा व्हावयाची आहे. भिलीत बोललेला अर्ज हिंदीत वा मराठीत उमटू लागला, तर अर्ज लिहून देणाऱ्याचा खर्च वाचेल. तो अर्ज ज्याच्या टेबलावर जाईल, त्याने त्यावर काय लिहावे हे मात्र त्या टेबलावरच ठरेल.

महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा १५ रुपयांत मिळतो. त्यावर तलाठ्याच्या सहीशिक्क्याची आवश्यकता नाही. उताऱ्यावर सोळा अंकी पडताळणी क्रमांक छापलेला असतो आणि तो महाभूमीच्या संकेतस्थळावर टाकला की उतारा खरा की खोटा हे कोणत्याही कार्यालयास वा बँकेस जागच्या जागी पाहता येते. तरीही असा उतारा घेऊन गेलेल्या शेतकऱ्यास ‘शिक्का मारून आणा’ असे सांगितले जाण्याचे प्रसंग घडतात. त्या वेळी शेतकऱ्याने उताऱ्यावरील क्रमांक दाखवून तो तपासून पाहण्याची विनंती करावी, आणि तरीही शिक्क्याचा आग्रह धरला गेल्यास तसे लेखी मागावे. तपासणीस दोन मिनिटे लागतात. शिक्क्यासाठी गेलेला दिवस शेतकऱ्याचा असतो.